तळवाडीची वाट

आश्रुबा पुतणीला आणायला मुराळी म्हणून गेला आणि रिकामी गाडी घेऊन परत आला.

दगडाबाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. पहिलटकरीण लेक सातव्या महिन्यात माहेरी यायची, तिच्यावरून ओवाळून टाकायला नको? सकाळपासून बाई नुसती आतबाहेर करत होती. गाडी वळली, बैल थांबले, आणि गाडीत काय, तर नुसतं गवत. दगडाबाईनं गाडीत पाहिलं, गाडीमागं पाहिलं, मग दिराकडं पाहिलं. आश्रुबानं पागोटं काढून मांडीवर घेतलं आणि बैलांना सांगावं तसं म्हणाला, "न्हाई धाडली."

"कावून?"

"इहीणबाई म्हनल्या, गाडीत घालून घाट चढवायचा असंल तर सून मिळायची न्हाई. पायवाटेनं नेत असाल तर खुशाल न्या."

"अन् पायवाट कुठं हाय?"

"त्येच तर म्हनतो वैनी! वाट न्हाई हे त्यायला बी ठाव हाय अन् मला बी. ह्याला म्हनत्यात गोड बोलून वाटंला लावनं."

दगडाबाईनं हातातला भाकरतुकडा बैलांपुढं टाकला, तांब्या पायरीवर आदळला आणि तळवाडीच्या दिशेला तोंड करून विहिणीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तोंडानं ती फटकळच. गावात म्हण पडली होती, की दगडाबाईच्या शिव्या खाव्यात पण तिचं गप्प बसणं बघू नये. त्या दिवशी ती शिव्या देऊन झाल्यावर गप्प बसली, तेव्हा आश्रुबा बैल सोडायचं निमित्त करून गोठ्यात शिरला.

आता ही भानगड नीट सांगितली पाहिजे, नाहीतर वाटेल की ही विहीण, बायनाबाई, म्हणजे निव्वळ खाष्ट सासू. खाष्ट होतीच ती, त्यात काही खोटं नाही. पण गोष्ट तेवढ्यावर संपत नव्हती.

डोंगरपिंपळा हे दगडाबाईचं गाव बालाघाटाच्या माथ्यावर. तळवाडी त्याच्या बरोबर खाली, दऱ्याच्या तोंडाशी. नदी माळावरून संथ येते, कड्यापाशी आली की अंग झोकून देते आणि खालच्या रानातून वळणं घेत तळवाडीला जाते. कड्यावर उभं राहिलं तर तळवाडीच्या चुलींचा धूर दिसतो, वारा इकडचा असला तर तिथला कोंबडाही ऐकू येतो. पण गाडीनं जायचं तर पाटोद्याकडून वळसा घालून घाटानं, सगळा दिवस मोडतो आणि हाडं मोडतात ती वेगळीच. आधी असं नव्हतं. धबधब्याच्या उजव्या अंगानं झाडीतून पायवाट उतरत होती, म्हातारीकोतारीसुद्धा बाजाराला त्या वाटेनं जायची. त्या वाटेच्या भरवशावर तर दगडाबाईनं आपली एकुलती एक गीता तळवाडीच्या उत्तरेश्वरला दिली. चार लेकरं मातीत घातल्यावर जगलेली ही एक पोर. ती लांब द्यायचीच नाही असं तिनं नवऱ्याच्या मरणाआधी त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं.

आणि लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच श्रावणात नदी फुगली. उजव्या अंगाचा कडा रातोरात खाली बसला आणि वाटेचा वरचा तुकडा घेऊन गेला. त्या तुकड्यावरचा चिंधोबाही गेला. चिंधोबा म्हणजे वाटेचा देव. त्याला ना देऊळ ना मूर्ती, नुसतं एक झाड. वाटेला लागणारा माणूस अंगावरच्या कापडाची चिंधी फाडून त्या झाडाला बांधतो आणि म्हणतो, बाबा, सुखानं उतरव. झाडच गेलं तर देव तरी कुठं बसणार?

त्याच साली माघात बायनाबाईची लेक सुंदरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघाली. ती दिली होती वर माळावर, डोंगरपिंपळ्याच्या शेजारच्या गावात. पायवाट राहिली नव्हती, म्हणून गाडीत घातली. घाटात गाडी लागली, हादऱ्यांनी पोरीच्या पोटात कळा सुरू झाल्या, आणि घाट उतरायच्या आत मायलेकरू दोन्ही गेली. खाली बायनाबाई दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती.

म्हणून दगडाबाई विहिणीला शिव्या द्यायची, पण शाप देत नव्हती.

"वैनी, बाळातपन सासरी झालं म्हनून काय आभाळ कोसळतं?" दुसऱ्या दिवशी आश्रुबानं भीतभीत विचारलं.

"तळवाडीची सुईन मागच्या पटकीत गेली. पोरीला अडलं तर सुईन कुठून आनायची? ह्याच घाटातनं! तवर पोरीनं काय करायचं, दम धरून बसायचं? माझ्या चार गेल्या भावजी. ही पाचवी मी माझ्या डोळ्याम्होरं बाळातीन करनार. त्या बाईनं म्हटलंय ना, पायवाटेनं न्या? मग पायवाटेनंच आननार."

"वाट न्हाई ना पन!"

"न्हाई तर हुडकायची. कोयता घ्या."

"कोयता? जंगलखात्याचा चौकीदार बघंल तर चावडीवर नेऊन बसवील. रान आता सरकारी झालंय."

"मी झाड तोडाया चाललेय का लेक आनाया? निजामाच्या मोगलाईत लेकीवर बी बंदी आली का काय?"

भावाच्या मागं घराचा कर्ता आश्रुबाच होता, निदान गाव तसं समजत होतं. त्यानं मुकाट कोयता घेतला.

दिवाळी होऊन गेली होती. कड्यावरच्या रानात सीताफळं डोळे उघडून पिकली होती, कुसळी गवत कमरेला लागत होतं, अन् करवंदीच्या जाळ्या लुगड्याला सोडत नव्हत्या. आधी दोघं उजव्या अंगाला गेली. तिथं पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं. उभा, उघडा, लालभडक कडा, त्यातून मुळं लोंबकळतायत आणि हात ठेवावा तिथं माती सुटतेय. दगडाबाईनं एक दगड सोडून दिला. तो कुठं टेकल्याचा आवाज येईना, तेव्हा आश्रुबा रामराम म्हणत मागं सरला.

मग ती पाण्याच्या वरून, खडकाखडकांवरून डाव्या अंगाला गेली, आणि आश्रुबा एकदम ओरडलाच, "वैनी! चिंधोबा!"

कड्याच्या काठावर अंजनाचं जाडजूड झाड होतं आणि त्याच्या फांदीफांदीला चिंध्या. लाल, पांढऱ्या, खाकी, उन्हानं विटलेल्या आणि कालपरवाच्या वाटाव्यात अशा नव्याही. आश्रुबाचा चेहरा फुलला. "बघा, आपुन घरात बसून रडतोय अन् लोक कवाचे हितून उतरायलेत! एवढ्या चिंध्या म्हंजी एवढी मानसं. आता काय, मळलेली वाट हाय!" त्यानं धोतराच्या सोग्याची चिंधी फाडून बांधली. दगडाबाईनं पदराची बांधली, डोळे मिटले आणि मनात म्हणाली, बाबा, मला न्हाई, माझ्या लेकीला चढव.

झाडाखालून एक घळ उतरत होती. घळीत सावली गार, पायाखाली पाचोळा गुडघाभर. सालईची पांढरी खोडं दोन्ही बाजूंना, मधेच एखादा मोर फडफडत उठायचा आणि आश्रुबाचा जीव वर-खाली व्हायचा. उतरण अवघड नव्हती. दगड आपसूक पायऱ्यांसारखे लागले होते. आश्रुबा तर गुणगुणायलाही लागला. पण दगडाबाईला काहीतरी खटकत होतं. एवढी माणसं उतरत असती तर पाचोळा असा न तुडवलेला कसा राहिला असता? काटक्या कशा मोडल्या नसत्या? माणसाला हवं ते दिसत असलं की खटकलेलं बोलवत नाही.

घळ संपली ती एका कपारीवर. बैलगाडी उभी राहील एवढी रुंद जागा, डावीकडं उभा कातळ, उजवीकडं धो धो पडणारं पाणी, आणि पुढं काही नाही. पुढं म्हणजे अगदीच काही नाही. खाली झाडांचे शेंडे दिसत होते. तुषार उडून कातळावर शेवाळ माजलं होतं. आश्रुबाला हे दिसायच्या आत त्याचा पाय सरकला. दगडाबाईनं हाताला लागलं ते पकडलं, ते निघालं दिराचं धोतर. धोतरानं दम धरला म्हणून आश्रुबा वाचला. तो बसून राहिला, धोतर गुंडाळत. दोघंही बराच वेळ एकमेकांकडं बघेनात.

वर आली तेव्हा अंजनाखाली म्हाळू धनगर मेंढरं थांबवून बसला होता. आश्रुबाची भीती आता रागात उतरली होती. त्यानं विचारलं, "काय बे म्हाळू, ह्या झाडाला तू बी चिंधी बांधलीस का?"

"बांधली की. ही काय, घोंगडीची."

"मग उतरलास कुठून?"

"मी कशाला उतरू मेंढरं घिऊन? समद्यांनी बांधल्यात, म्हनून बांधली. देवाला न बांधता म्होरं कसं जावं?"

"अन् बाकीचे समदे?"

म्हाळूनं विचार केला. "ते बी बांधून घरलाच जात्यात. खाली जाताना कुनी दिसलं न्हाई बुवा."

दगडाबाई मटकन खाली बसली. गावच्या गाव चिंध्या बांधून गेलं होतं आणि खाली एक माणूस उतरला नव्हता. पहिल्याची चिंधी बघून दुसऱ्यानं बांधली, दुसऱ्याची बघून तिसऱ्यानं. लाकूडफाट्याला आलेल्या बायांनी बांधली, गुराख्यांनी बांधली, खाकी चिंधी तर चौकीदाराचीच असावी. देवाला कमी पडायला नको! वाट आहे का हे मात्र कुणी खाली वाकून बघितलं नव्हतं.

"पैली कुनाची रं?" तिनं विचारलं.

"पैली ती हिरवी. तळवाडीची एक बाई आलती. तिची लेक गेलती घाटात, तिच्या तेराव्याला गाडीनं वर आलती, तवा. मी हितंच व्हतो. म्हनली, वाटेचा देव बेघर झाला म्हनून माझी लेक वाटेत गेली. लई रडली. मग हितं बसवला देव, म्हनली पुराचं पानी हितवर याचं न्हाई."

आश्रुबानं कपाळावर हात मारला. "बघा! इहीणबाईचाच परताप! देव बसवला अन् आपल्याला कड्यावरनं ढकलायची सोय केली. वैनी, मी म्हनतो ह्या समद्या चिंध्या आत्ताच्या आत्ता तोडू. उंद्या कुनी मरंल इथं."

तो हिरव्या चिंधीला हात घालणार तोच दगडाबाईचा आवाज कडाडला. "हात लावू नका भावजी!"

हिरवी चिंधी बाळंतविड्यातल्या नव्या लुगड्याची होती. काठ अजून तसाच होता. सुंदरा माहेरी आली असती तर पाचव्या दिवशी नेसली असती ते लुगडं. दगडाबाईला ते बघताक्षणी कळलं, कारण तसलंच हिरवं लुगडं तिनं गीतासाठी घेऊन ट्रंकेत ठेवलं होतं. तिनं पदरानं डोळे पुसले आणि तिला स्वतःचाच राग आला. जिला कालपासून शिव्या देतेय तिच्यासाठी रडायला यावं, म्हणजे काय!

"बसलेला देव उठवायचा न्हाई," ती म्हणाली. "अन् तिच्या लेकीच्या नावाची चिंधी मी तर सोडनारच न्हाई. देव हितं बसलाय ना? मग वाट बी हितंच काढायची."

"कातळातून? उडून जायचं का काय?"

"त्ये मला काय ठाव! उंद्या भाकरी जास्त बांधून घ्या."

आता ह्या बाईला हट्टी म्हणावं की काय म्हणावं? ती रोज जायला लागली. सकाळी धुणंपाणी उरकून, कोयता आणि भाकरी घेऊन, घळीतून कपारीवर. कपारीच्या कडेनं पालथी पडून खाली बघायची, कातळ चाचपायची, वेली ओढून बघायची. आश्रुबा मागं बसून तिच्या लुगड्याचा पदर धरायचा आणि रामनाम घ्यायचा. गावात हसायला लागले. पाणवठ्यावर बाया म्हणायच्या, दगडाबाई वाट हुडकत नाही, वाट बघतेय. ऐकून न ऐकल्यासारखं करायला ती काही संत नव्हती. तिनं घागर आदळून एकेकीला सुनावलं. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. आणि रोज परत येताना कड्यावर उभी राहून तळवाडीचा धूर बघायची. त्यातला कुठला आपल्या लेकीच्या चुलीचा, असं मनाशी ठरवायची आणि मग डोळे पुसायची.

अशीच एका दुपारी कपारीवर भाकरी सोडून बसली असताना घळीतून वानरं आली. दगडाबाईनं भाकरी पदराखाली घेतली. पण वानरांचं भाकरीकडं लक्ष नव्हतं. हुप्प्या पुढं, मागं वानरिणी, आणि एकेकीच्या पोटाशी चिकटलेलं पिल्लू. ती कपारीवरून चालत थेट धबधब्याकडं गेली, अंग चोरून पाण्याच्या आणि कातळाच्या मधे शिरली आणि दिसेनाशी झाली. दगडाबाई घास हातात धरून बघत राहिली. थोड्या वेळानं आश्रुबाच ओरडला, "त्ये बघा! पल्याड!" पाण्याच्या पलीकडं, उजव्या अंगाला, पडलेल्या कड्याच्या बऱ्याच खाली, उंबराच्या फांदीवर तीच वानरं उन्हात अंग सुकवत होती. पिल्लं पोटाशीच होती.

दगडाबाई उठली. आश्रुबानं तिचा हात धरला, दीर असून धरला. "वैनी, न्हाई! पान्याच्या मागं साती आसरा ऱ्हात्यात, पान्यातल्या देव्या. मोठी मानसं सांगायची, तिथं गेलेलं मानूस माघारी येत न्हाई."

"आसरा कोन? बायाच ना?"

"बायाच, पन..."

"मग त्यायला कळंल. पोटुशी बाईला वाट द्यायची न्हाई अशी बाई अजून जल्माला आली न्हाई भावजी. हात सोडा."

पाठ कातळाला लावून ती आत शिरली. आधी वाटलं आता पाणी डोक्यात बसणार, पण पाणी डोक्यावरून लांब पडत होतं. कडा तिथं आत वळलेला होता. आत पडवीसारखी जागा, वर कातळाचं छत आणि समोर सगळं पाणीच पाणी, त्यातून हिरवा उजेड आत येत होता. पायाखाली ओल होती पण शेवाळ नव्हतं. वानरांच्या पायांनी घासून दगड खरखरीत राहिला होता. आवाज एवढा की स्वतःचा श्वास ऐकू येईना. तिला भीती वाटली का? वाटली. पण तिनं मनात एकच धरलं होतं, की हितून माझी पोर मावते का? पोट सावरून मावते का? तिनं दोन्ही हात पोटापुढं धरून चालून बघितलं. मावत होती. सुखानं मावत होती.

पलीकडं ऊन लागलं आणि पायाखाली काय आलं, तर जुनी वाट! कड्यानं वरचा तुकडा नेला होता, खालचा जसाच्या तसा झाडीत निजला होता. खोदलेल्या पायऱ्या, बसायचे दगड, खाली नदीचा आवाज. दगडाबाई तिथंच बसून मोठ्यानं हसली आणि हसता हसता रडली. मागून आश्रुबा आला, डोळे घट्ट मिटलेले, ओठांवर रामनाम.

"पोचलो का?" त्यानं विचारलं.

"डोळं उघडा, म्हंजी कळंल!"

मग दोघं कोयता घेऊन कामाला लागली. करवंदी छाटल्या, हलणारे दगड काढून टाकले, जिथं चढ अंगावर येत होता तिथं टेकायला ओटा रचला. पाण्यामागच्या जागेत म्हाळूनं दिलेला लोकरीचा दोर दगडाच्या खाचांतून ओढून बांधला. वाट तयार झाल्यावर दगडाबाईनं नवं लुगडं नेसलं आणि आश्रुबाला घेऊन रानातून उतरून, भल्या सकाळी, बायनाबाईच्या मागल्या दारात उभी राहिली.

बायनाबाई गोवऱ्या थापत होती. तिनं वर बघितलं, मग पुढल्या दाराकडं बघितलं. "गाडी कुठाय?"

"गाडी न्हाई. पायवाटेनं आले इहीणबाई. तुमीच म्हनला व्हता."

बायनाबाईचे हात शेणातच राहिले. घरातून गीता आली, अवघडलेली, कमरेवर हात ठेवून. आई दिसताच तिचा चेहरा जो फुलला, त्यानं दगडाबाईच्या महिनाभराच्या ओरखड्यांचं चीज झालं. पण बायनाबाई हलली नाही. "वाट न्हाई तिथं," ती हट्टानं म्हणाली. "समदा कडा गेलाय. माझ्या सुनंला कुठं न्यायलाव तुमी? मी एक घालवली. दुसरी न्हाई घालवनार."

दगडाबाईनं महिनाभर घासूनपुसून ठेवलेली उत्तरं ओठांवर आली होती. 'जीव तुमाला एकलीलाच हाय का?' हे तर पहिलंच. पण त्या बाईचे डोळे बघितले आणि ती एवढंच म्हणाली, "मग तुमीच म्होरं चला. जिथं तुमचा पाय थांबंल तिथून पोरगी माघारी. मी बोलनार न्हाई."

ठरलं. बायनाबाई पुढं, तिच्या मागं गीता, मागं दगडाबाई, आणि शेवटी गीताच्या लुगड्यांचं बोचकं डोक्यावर घेऊन आश्रुबा. जुनी वाट सावलीची होती. बायनाबाई प्रत्येक पायरी आधी स्वतः पायानं दोनदा दाबून बघायची, मग सुनेला म्हणायची, ये. रचलेल्या ओट्यावर बसवून तिला पाणी पाजायची. उंबराखाली एकदा म्हणालीही, "ओटा बरा घातलाय." दगडाबाईला तेवढं ऐकून बरं वाटलं आणि बरं वाटल्याचा रागही आला.

धबधब्यापाशी आल्यावर बायनाबाई थांबली. इथूनच पोरगी माघारी जाते की काय, असं दगडाबाईला वाटलं. पण बायनाबाईनं दोर धरला, पाठ कातळाला लावली आणि आत गेली. मागं गीता गेली, एक हात पोटावर. दगडाबाई शिरली तोवर बायनाबाई निम्मं अंतर चालून गेली होती. तिला पलीकडचं सगळं दिसत होतं, कपार, घळ, घळीतून वर चढत गेलेले दगड आणि वरचं आभाळ.

तिथं तिचा पाय थांबला.

आश्रुबा मागून ओरडला, पाण्याच्या वर आवाज काढून, "बघा इहीणबाई! देव तुमी बरोबर जागंवर बसवला! देवाला समदं ठाव व्हतं!"

बायनाबाई हळूहळू कातळाला पाठ घासत खाली बसली. दोन्ही तळहात तिनं दगडावर टेकवले, जणू तो खरा आहे का बघत होती. मग तिनं त्याच हातांनी दगडावर मारायला सुरुवात केली. "हितं व्हती?" ती ओरडत होती. "ही वाट हितंच व्हती? मी दारात बसले की हे पानी दिसतं मला. रोज दिसतं! माझी सुंदरा वर, मी खाली, अन् ही हितंच! माघात पानी करंगळीएवढं असतं गं दगडाबाई. माघात तर तिच्यावर शितोंडा बी उडाला नसता!"

आश्रुबानं बोचकं खाली ठेवलं आणि तोंड पाण्याकडं फिरवलं. दगडाबाईला वाटलं, पुढं व्हावं, हिला पोटाशी धरावं. पण मधे गीता होती आणि जागा एका माणसाची. आणि दिलेला शब्दही होता, की ह्या बाईचा पाय जिथं थांबेल तिथून लेक माघारी जाईल. आता ही उठली नाही तर? महिनाभर रान छाटून, कातळ चाटून आणलेलं सगळं ह्या ओल्या दगडावर संपणार होतं. दगडाबाईनं जिभेला दातांखाली धरलं. त्या दिवशी दुसऱ्यांदा तिनं शब्द गिळला, आणि तो गिळताना तिला लेकीची पाठमोरी वेणी दिसत होती.

गीता वळून आईकडं बघेल असं तिला वाटलं. गीतानं बघितलं नाही. तिनं दोर सोडला, सासूपुढं हात केला आणि म्हणाली, "आत्याबाई, हात धरा माझा. मला एकलीला भ्या वाटायलंय."

बायनाबाईनं वर बघितलं. सुनेच्या चेहऱ्याकडं, मग पोटाकडं. पाणी पडत होतं. मग तिनं नाक पदराला पुसलं, एका हातानं कातळ धरून उठली आणि दुसऱ्या हातानं गीताचं मनगट असं घट्ट धरलं की पोर "आई गं" म्हणाली.

"दोर कावून सोडलास?" ती खेकसली. "धर आधी दोर! पाय बघून टाक. मी हाय म्होरं."

आणि ती चालायला लागली. कपारीवर ऊन होतं, तिथं ती थांबली नाही. घळीच्या पहिल्या दगडावर तिनं आपला पाय दाबून बघितला, मग सुनेला वर घेतलं. मागून दगडाबाईनं मोठ्यानं हाक मारली, "इहीणबाई! बाळातपनाला तुमी बी वरच ऱ्हायचं. रीत न्हाई, बीत न्हाई, असलं काई मला सांगायचं न्हाई!"

"मग कोन ऱ्हानार?" वरून बायनाबाईचा आवाज आला. "तुमच्या भरवशावर सोडू व्हय?"

दगडाबाईनं आश्रुबाच्या डोक्यावर बोचकं चढवलं आणि दोघं मागून चढायला लागली.